परदेशी विद्यापीठांतील ‘प्रदेश-अध्ययन’ आणि आपले रुमाल

गेल्या वर्षीं आमच्या एका संग्राहक स्नेह्यांनीं आम्हांस एक पत्र दाखविलें. पत्र अमेरिकेंतील एका कॉलेजच्या विद्यार्थ्याचें होतें. तो एका सत्रापुरता पुण्यास आला होता. आपल्या विषयाचें नांव त्यानें ‘साउथ एशियन स्टडीज, मायनर’ असें लिहिलें होतें, आणि स्नेह्यांच्या घरीं असलेल्या महानुभावी पोथ्या व देशमुखी दप्तराचे रुमाल पाहण्याची परवानगी मागितली होती. आमचे स्नेही जन्मभर कोर्टकचेरींत वावरलेले. तेथें ‘मायनर’ या शब्दाचा अर्थ एकच, तो म्हणजे ‘अज्ञान’. त्यांनीं विचारलें, “हा स्वतःच आपणांस अज्ञान म्हणवितो, मग याच्यापुढें रुमाल सोडावा कीं न सोडावा?”

आम्ही त्या वेळीं हसलों. परंतु असाच प्रश्न इतर संग्राहकांनींही आम्हांस केलेला आहे, आणि त्याचें उत्तर न ठाऊक असल्यामुळें दोन प्रकारचें नुकसान होतांना आम्हीं पाहिलें आहे. कोणी गोऱ्या पाहुण्याच्या भिडेस पडून पोथी हातीं देऊन बसतो, तर कोणी चांगल्या अभ्यासकास दारावरून परत पाठवितो. सबब हें अध्ययन म्हणजे काय, तें कोठून आलें, आणि तें करणाऱ्याची आपल्या कागदांपुढें कितपत गति असते, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

अमेरिकेंतील बी. ए. ची पदवी चार वर्षांची असून तीस साधारणपणें १२० श्रेयांक लागतात. एका सत्रांत दर आठवड्यास एक तासाचें व्याख्यान म्हणजे ढोबळ मानानें एक श्रेयांक. विद्यार्थ्यानें एक प्रधान विषय घ्यावयाचा, त्यांत बहुधा ३० ते ४० श्रेयांक मिळवावयाचे, आणि इच्छा असल्यास एखादा गौण विषय जोडावयाचा. या गौण विषयासच ते मायनर म्हणतात. त्यास सामान्यतः १५ ते २० श्रेयांक, म्हणजे पांचसहा अभ्यासक्रम, पुरतात. अर्थात् ज्याचा प्रधान विषय अर्थशास्त्र किंवा जीवशास्त्र आहे असा विद्यार्थीही दक्षिण आशियाई अध्ययन हा गौण विषय घेऊन आपल्या दारीं येऊं शकतो. पत्रांतील ‘मायनर’ या शब्दानें त्याच्या आवडीची खूण पटते, व्युत्पत्तीची नव्हे.

यांत आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावयास हवी. इतिहास, व्याकरण, न्याय हीं शास्त्रें होत. प्रत्येकाची आपापली पद्धति आहे. प्रदेश-अध्ययनाची स्वतःची अशी पद्धति नाहीं. एखादा भूभाग मध्यें ठेवून त्याचा इतिहास एकाकडून, धर्म दुसऱ्याकडून, राज्यव्यवस्था तिसऱ्याकडून, आणि शक्य तर भाषा चौथ्याकडून शिकावयाची, अशी ही योजना आहे. कांहीं विद्यापीठें या गौण विषयांतही भाषेचीं एक-दोन वर्षें सक्तीचीं करतात. कांहीं ठिकाणीं एकही शब्द न शिकतां प्रमाणपत्र मिळतें. जेथें भाषा असते तेथें ती बहुशः हिंदी किंवा उर्दू, क्वचित् संस्कृत; मराठी शिकविणारीं विद्यापीठें बोटांवर मोजण्याइतकींच.

आमच्याकडील शास्त्रग्रंथांच्या आरंभीं अनुबंधचतुष्टय सांगण्याची रीत आहे : विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी. या अध्ययनास ही कसोटी लावून पाहतां विषय सांगतां येतो, संबंधही जुळवितां येतो. प्रयोजन पाहूं लागल्यास मात्र द्रव्य देणाऱ्या सरकारचें एक आणि शिकणाऱ्या मुलाचें दुसरें असा प्रकार दिसतो. आणि अधिकारी कोण, याचा निर्णय तर विद्यापीठांत होतच नाहीं. तो पुण्यास, फलटणास, ऋद्धिपुरास येऊन होतो.

प्रयोजनाचा इतिहास मनोरंजक आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वीं अमेरिकेंत भारताचा अभ्यास म्हणजे संस्कृताचा अभ्यास. येल विद्यापीठाचे फ्रँकलिन एजर्टन यांनीं भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींतील सभापर्व संपादिलें, हें वाचकांस विदितच आहे. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाचे डब्ल्यू. नॉर्मन ब्राउन हेही संस्कृतज्ञच. वडील मिशनरी असल्यामुळें त्यांचें बालपण कांहीं काळ भारतांत गेलें होतें. युद्धकाळांत त्यांनीं आपल्या सरकारच्या गुप्तवार्ता-खात्यांत काम केलें. चालू भारताच्या भाषा व व्यवहार जाणणारीं माणसें आपल्या देशांत किती थोडीं आहेत याचा अनुभव तेथें सर्वांसच आला, आणि १९४८ सालीं ब्राउन यांनीं आपल्या विद्यापीठांत दक्षिण आशियाच्या प्रादेशिक अध्ययनाचा स्वतंत्र विभाग उघडला. त्या देशांतील या प्रकारचा हा पहिला विभाग होय.

पुढील धक्का आकाशांतून आला. ४ ऑक्टोबर १९५७ रोजीं रशियानें स्पुट्निक सोडला. अमेरिकन लोक घाबरले, आणि २ सप्टेंबर १९५८ रोजीं ‘राष्ट्र-संरक्षण शिक्षण कायदा’ संमत झाला. त्याच्या सहाव्या प्रकरणान्वयें विद्यापीठांतील भाषा व प्रदेश-केंद्रांस सरकारी द्रव्य मिळूं लागलें. प्रथम महत्त्वाच्या म्हणून ज्या सहा भाषा निवडल्या त्यांत अरबी, चिनी, जपानी, रशियन व पोर्तुगीज यांच्या पंक्तीस हिंदी-उर्दू ही एक धरलेली होती. मराठीचा नंबर त्यांत नव्हता. परंतु केंद्र एकदां उघडलें म्हणजे त्याच्या सावलींत लहान भाषांसही जागा मिळते, त्याप्रमाणें ती मराठीस मिळाली. तोफखान्यासाठीं काढलेल्या कालव्याचें पाणी एखाद्या तुळशीस मिळावें, तसा हा प्रकार झाला.

ग्रंथांची गोष्ट तर याहून चमत्कारिक. १९५४ सालच्या एका कायद्यान्वयें अमेरिकेचा गहूं भारतास रुपयांत विकला जात असे. ते रुपये भारतांतच साचून राहात. १९६२ पासून त्यांतील कांहीं भाग खर्चून अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनें दिल्लींत कचेरी थाटली आणि भारतीय भाषांतील छापील पुस्तकें घेऊन आपल्याकडील विद्यापीठांस वांटण्यास आरंभ केला. आपल्याकडे रेशनच्या दुकानीं ज्या लाल गव्हाची आपण निंदा करीत होतों, त्याच्या मोबदल्यांत मराठी पुस्तकें अमेरिकेंतील मोठमोठ्या ग्रंथालयांच्या कपाटांत जाऊन बसलीं. आपल्याच एखाद्या तालुक्याच्या गांवीं छापलेली व आपल्यास कोठें न मिळणारी पुस्तिका तेथें सुखरूप सांपडते, याचें कारण हें.

आतां ‘परदेशीं जाऊन अध्ययन’ हें दुसरें अंग. त्याचा उगम निराळा आहे. १९२३ सालीं डेलावेअर विद्यापीठानें आपले आठ विद्यार्थी एका अध्यापकाबरोबर फ्रान्सांत पाठविले, आणि तेथील अभ्यास येथील पदवीस धरला. पदवीचें तिसरें वर्ष बाहेर काढावयाचें ही प्रथा तेथून रूढ झाली. पुढें वर्षाचें सत्र झालें, सत्राचें कधीं सहा आठवडेही झाले. आज आपल्याकडे येणारा विद्यार्थी बहुधा एका सत्राचा पाहुणा असतो. येथें मिळविलेले श्रेयांक तो आपल्या गौण विषयांत जमा करतो. म्हणजे मायनराचा अर्धा भाग घरीं व अर्धा पुण्यांत, असा हिशेब जमतो.

भारतासंबंधानें या दोन प्रवाहांचा संगम पुण्यांत झाला, हें आपण अभिमानानें सांगावें. १९६१ सालीं ब्राउन यांच्याच पुढाकारानें ‘अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज’ ही अनेक विद्यापीठांची संयुक्त संस्था निघाली, आणि तिचें पहिलें ठाणें डेक्कन कॉलेजांत बसलें. मराठी शिकविण्याचें तिचें काम पुण्यांतच चालत आलें आहे. १९६९ पासून अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागांतील छोट्या कॉलेजांच्या संघानें आपले पदवीपूर्व विद्यार्थी पुण्यास पाठविण्यास आरंभ केला. हीं मुलें पेठांतून कुटुंबांत राहात, सकाळीं मराठी शिकत, आणि अखेरीस एखाद्या लहानशा विषयावर निबंध लिहीत. अनेक दशकें हा क्रम चालला. ज्या घरांत अशी मुलगी राहून गेली त्या घरच्या आजीबाईस तिचें नांव आजही आठवतें; तिचा निबंध कोठें आहे, हें मात्र कोणास ठाऊक नसतें. ही चूक त्यांची नव्हे, आपली आहे. त्याविषयीं पुढें लिहूं.

या झाडास फळ काय आलें? बहुतेक मुलें परत जाऊन वकील, वैद्य, व्यापारी झालीं, आणि त्यांत वाईट कांहीं नाहीं. परंतु त्यांना शिकविणारीं व त्यांच्याप्रमाणेंच येथें येऊन राहिलेलीं जीं थोडीं माणसें टिकलीं त्यांचें काम पाहावें. एलिनॉर झेलियट यांनीं १९६९ सालीं पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठांत डॉ. आंबेडकर व महार चळवळ या विषयावर प्रबंध सादर केला, तेव्हां आपल्याकडील विद्यापीठांत हा विषय इतिहासाचा म्हणून कोणी धरीत नव्हतें. मॅक्सीन बर्नसन या भाषाशास्त्राच्या विद्यार्थिनी म्हणून आल्या आणि फलटणासच राहिल्या. जाई निंबकर यांच्यासह त्यांनीं रचलेलीं मराठीचीं पाठ्यपुस्तकें व व्याकरण परदेशी विद्यार्थ्यांच्या हातीं असतात. ॲन फेल्डहाउस यांनीं महानुभावांचा सूत्रपाठ व ऋद्धिपुरचरित्र इंग्रजींत आणलें, आणि शं. गो. तुळपुळे यांच्यासह जुन्या मराठीचा कोश सिद्ध केला. तो १९९९ सालीं, तुळपुळे यांच्या निधनानंतर पांच वर्षांनीं, प्रसिद्ध झाला. ज्यानें ज्यानें तेराव्या-चौदाव्या शतकांतील पोथी हातीं घेतली आहे, त्यास या कोशाचें मोल सांगण्याची गरज नाहीं. इंग्लंडांत लंडनच्या प्राच्यविद्या-शाळेंतील इअन रेसाइड यांनीं महानुभावी ग्रंथांची सूचि केली. हायडेलबर्गच्या गुंथर सोंथायमर यांनीं तर धनगरांच्या मागें रानोमाळ हिंडून बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांचा ग्रंथ रचला. या सर्वांत समान काय? पदवी नव्हे, विद्यापीठही नव्हे. यांपैकीं जे येथें दीर्घ काळ राहिले त्यांची भाषा कानानें पक्की झालेली आहे, आणि प्रत्येकाच्या पाठीशीं कोणी ना कोणी मराठी पंडित किंवा सांगणारा बसलेला आहे.

कानानें शिकलेल्या भाषेचा कागद वाचण्यास किती उपयोग होतो, आणि कोठें होत नाहीं, याचे दोन अनुभव येथें देतों.

एक तरुण आमच्याकडे कांहीं आठवडे येत असे. मराठी अस्खलित बोले. देवनागरी आमच्याहून भरभर वाची. मोडी पत्राचें देवनागरी लिप्यंतर त्याच्यापुढें ठेवलें, तेव्हां त्यांतील ‘छ १५ जिल्काद’ हें पाहून त्यानें छ हा पत्रांचा अनुक्रमदर्शक वर्ण समजून टिपून घेतला, आणि क, ख, ग, घ हीं पत्रें कोठें आहेत असें विचारलें! छ म्हणजे चंद्र, म्हणजे मुसलमानी महिन्याची तिथि, हें त्यास कोणी सांगितलेंच नव्हतें. ‘सु॥ सलास सबैन मया व अलफ’ याचा अर्थ तीन, सत्तर, शंभर व हजार मिळून सुहूर सन ११७३, म्हणजे इसवी सन १७७२-७३, हें कळल्यावर तो लहान मुलासारखा आनंदला. पांचसहा अभ्यासक्रमांत हें येत नाहीं. तेथें मोडी नाहीं, सुहूर सन नाहीं, दप्तरी परिभाषा नाहीं. आपल्या एम. ए. च्या मुलांस तरी हें कितीसें येतें, हा प्रश्न त्या वेळीं आम्हीं मनांतच ठेवला.

दुसरा अनुभव आमच्या फजितीचा आहे. कुरणाच्या तंट्याचें एक पत्र आम्हीं लिप्यंतरिलें होतें. त्यांत अमक्यानें आपल्या शिवारांत ‘वाडा बसविला’ अशी तक्रार होती. वाडा म्हणजे चौसोपी वाडा असें धरून, तक्रारीचें कारण जागेची मालकी असावें अशी टीपही आम्हीं दिली. एक जर्मन विद्यार्थिनी, जी पूर्वीं दोन पावसाळे धनगरांबरोबर हिंडलेली होती, ती टीप वाचून संकोचानें म्हणाली, “गुरुजी, धनगर आपल्या मेंढरांच्या तळाला वाडाच म्हणतात.” पत्र पुन्हा वाचलें. वाडा चार दिवस बसला आणि उठला, असें पुढें स्वच्छ लिहिलें होतें. चौसोपी वाडा चार दिवसांनीं उठत नाहीं! तंटा चराईचा होता. चाळीस वर्षें संस्कृत व मराठी शिकविलेल्या आम्हांस जें दिसलें नाहीं, तें तिला पायांनीं शिकविलें होतें. टीप आम्हीं खोडली, आणि तेव्हांपासून कोणाचें प्रमाणपत्र लहान म्हणून त्याचें म्हणणें न ऐकण्याची संवय सोडली.

आतां संशयाविषयीं. तो निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं. एका गृहस्थांनीं आपल्या घरची सचित्र पोथी पाहुण्या अभ्यासकास ‘छायाचित्रें काढून परत करतों’ या बोलीवर दिली. ती परत आली नाहीं. याच्या उलट टोंकाचें उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. एका अमेरिकन अध्यापकाच्या २००३ सालीं निघालेल्या पुस्तकावरून क्षोभ उसळला आणि ५ जानेवारी २००४ रोजीं भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. पुस्तकांतील विधानांचा समाचार पुराव्यानें घेतां आला असता. मार मात्र बसला तो ग्रंथांस, पोथ्यांस व कपाटांस. त्यानंतर कित्येक घरांतील रुमालांच्या गांठी अधिक घट्ट झाल्या. ज्यांस पुरावा दाखवावयाचा त्यांसच पुरावा नाकारल्यानें चुकीचें विधान दुरुस्त कसें होणार, हें आम्हांस समजत नाहीं.

म्हणून संग्राहकांस आमची सूचना अशी कीं, पत्रांतील ‘मायनर’ या शब्दावर अडूं नये; भाषा किती सत्रें शिकला, कोणाजवळ शिकला, मोडी येतें काय, आणि येथें कोणत्या अध्यापकाच्या देखरेखीखालीं आहे, हें विचारावें. एक ओळ वाचून दाखविण्यास सांगावें. त्यांत अपमान नाहीं. मूळ कागद घराबाहेर जाऊं देऊं नये. छायाचित्रें काढूं द्यावींत, पण त्यांची एक प्रत व पुढें लिहिलेल्या निबंधाची एक प्रत आपल्याकडे यावी अशी लेखी अट घालावी. वर ज्या निबंधांचा उल्लेख केला ते आपण मागितलेच नाहींत, म्हणून ते आपल्याकडे नाहींत. शिवाय १९७२ सालचा पुरावस्तु कायदा प्रत्येकानें ध्यानांत ठेवावा. वैज्ञानिक, ऐतिहासिक अथवा वाङ्मयीन मोलाचें, पंचाहत्तर वर्षांहून कमी जुनें नाहीं असें हस्तलिखित ही पुरावस्तु असून तें खासगी व्यक्तीस देशाबाहेर नेतां येत नाहीं. देणाऱ्यानें प्रेमानें दिलें ही सबब तेथें चालत नाहीं.

हा येणाऱ्यांचा ओघ असाच राहील असें गृहीत धरूं नये. ज्या सहाव्या प्रकरणाच्या जोरावर १९५८ पासून तीं केंद्रें चाललीं, त्याखालील केंद्रांचीं व भाषा-शिष्यवृत्त्यांचीं चालू अनुदानें अमेरिकन शिक्षणखात्यानें २०२५ सालीं पुढें चालविलीं नाहींत. अशा वेळीं सर्वांत आधीं कात्री लागते ती लहान भाषांच्या वर्गांस. कालवा आटला म्हणजे तुळस प्रथम वाळते.

दुसऱ्या बाजूनें, मायनर हा शब्द आतां आपल्या घरांत आला आहे. विद्यापीठ अनुदान मंडळाच्या २०२२ च्या आराखड्याप्रमाणें आपल्याकडील तीन वर्षांच्या पदवीसही १२० श्रेयांक असून त्यांत गौण विषयास २४, व चार वर्षांच्या पदवींत ३२ श्रेयांक दिले आहेत. अमेरिकन मायनराहून ही जागा मोठी आहे. तींत मोडी, फार्सी व दप्तरी परिभाषा कां बसूं नये? आणि प्रदेश-अध्ययन म्हणजे परक्यांनीं आपला अभ्यास करणें एवढाच अर्थ कां घ्यावा? तंजावरास सरस्वती महालांत मोडी कागद पडले आहेत. ते वाचावयास जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्यास थोडी तमिळ यावयास हवी. गोव्याच्या दप्तरखान्यांतील पोर्तुगीज कागदांवर पांडुरंग पिसुर्लेकर यांनीं आयुष्य वेंचलें, म्हणून मराठे-पोर्तुगीज संबंधांचा इतिहास आज आपणांस लिहितां येतो. ग. ह. खरे यांनीं फार्सी साधनें मराठींत आणलीं नसतीं तर आपण कोठें असतों? त्या दोघांस कोणीं श्रेयांक दिले नव्हते, हें खरें. पण आज जो मुलगा गुणपत्रिकेशिवाय पाऊल उचलीत नाहीं, त्यास गुणपत्रिकेच्या वाटेनें का होईना, तंजावरच्या गाडींत बसवावा. सत्र दोन महिन्यांचें असलें तरी चालेल. आमच्या पाहण्यांत असा अभ्यासक्रम एखाद्या महाविद्यालयानें मागितला तर रुमाल व शिकविणारे पुरविण्यास संशोधन-संस्था मागें राहणार नाहींत.

स्नेह्यांनीं शेवटीं रुमाल सोडला. त्या विद्यार्थ्यास दोन सत्रांची मराठी येत होती, मोडी मुळींच नव्हतें. त्यांची नात बी. ए. स आहे, तिचाही इतिहास हा गौण विषयच. दोघांस आम्हीं दर गुरुवारीं मोडी शिकविलें. विद्यार्थी परत जाण्यापूर्वीं एका रुमालांतील सर्व कागदांची यादी दोघांच्या हस्ताक्षरांत आमच्याकडे आली. तींत तारखांच्या तीन चुका निघाल्या. त्या दुरुस्त करून यादी पुढील अंकीं छापावयास दिली आहे.